वजन कुणाचं, उठाठेव कुणाची?

प्रश्न : आमच्या आजेसासूबाई अंगानं भरलेली सून दिसली की ‘खात्यापित्या घरची दिसते’ असं कौतुकानं म्हणायच्या. आता माझ्या मुलीचं लग्न जमवतोय. तिची उंची १६० सेंटिमीटर, वजन ६५ किलो. दोन ठिकाणांहून ‘मुलगी चांगली आहे, फक्त थोडं वजन कमी करा’ असा निरोप आला. फोनवरच्या अ‍ॅपमध्ये आकडे भरले, तर ते तिला सरळ ‘लठ्ठ’ म्हणतं. मुळात माणसाचं योग्य वजन किती, हे ठरवलं कुणी? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : थोडक्यात सांगायचं तर सूत्र बेल्जियमच्या एका खगोलशास्त्रज्ञाचं, तक्ते अमेरिकेतल्या विमा कंपनीचे, नाव एका शरीरशास्त्रज्ञाचं आणि ‘लठ्ठ’ची रेषा सरकारी समित्यांची. यांतल्या कुणाच्याही डोळ्यांसमोर लग्नाची मुलगी नव्हती.

आधी आजेसासूबाईंचं बघू. एक पावसाळा हुकला की घरात भाकरीची चणचण, अशा मुलखात अंगानं भरलेली सून म्हणजे माहेरी धान्य आणि दूधदुभतं आहे याचा पुरावा असे. १९७२ च्या दुष्काळात सुकडी खाऊन दिवस काढलेली, खडी फोडायला गेलेली पिढी अजून आपल्यात आहे. ‘वाळलीस गं’ हे त्यांचं काळजीचं बोलणं आणि ‘तब्येत सुधारली’ ही शाबासकी. अन्न दुर्मीळ असतं तिथं जगभर असंच घडत आलंय. आफ्रिकेतल्या मॉरिटानियात तर लग्नाआधी मुलींना जबरदस्तीनं दूध पाजून, खायला घालून जाड करण्याची प्रथा होती; ती अजून पुरती गेलेली नाही. म्हणजे जुन्या काळी बाईच्या अंगाला लोक नावं ठेवत नव्हते असं समजू नका. ठेवत होते, फक्त उलट्या बाजूनं.

मग अन्न स्वस्त झालं, कष्टाची कामं यंत्रांकडे गेली आणि श्रीमंतीची खूण फिरली. आज जिमची फी, आहारतज्ज्ञांची फी आणि सकाळी तासभर चालायची फुरसत ज्याच्याकडे आहे, तो सडपातळ राहतो. दोन लोकल बदलून घरी पोचणारा वडापाव खाऊन दिवस भागवतो. पुरावा मागायची सवय तशीच राहिली, पुरावा तेवढा बदलला.

आता आकड्याकडे येऊ. अडॉल्फ केटले हा ब्रसेल्सचा खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ. ताऱ्यांच्या निरीक्षणात सरासरी काढायची पद्धत त्यानं माणसांना लावली आणि १८३५ मध्ये ‘सरासरी माणूस’ ही कल्पना मांडली. मोठ्या माणसांचं वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, हे त्याचं निरीक्षण. त्याला समाजाची मोजदाद करायची होती. लठ्ठपणाशी, आजाराशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. तालुक्याचा सरासरी पाऊस बघून एका शेतातल्या विहिरीत पाणी किती, हे सांगता येत नाही; केटलेचं सूत्र एकट्या माणसाला लावताना तीच अडचण येते.

पुढची पायरी विम्याची. अमेरिकेतल्या मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीत लुई डब्लिन नावाचे संख्याशास्त्रज्ञ होते. कोणत्या वजनाचे पॉलिसीधारक लवकर मरतात, म्हणजे कंपनीला कोण महागात पडतं, याचा हिशेब करून त्यांनी १९४० च्या दशकात ‘आदर्श वजना’चे तक्ते काढले. त्यांत लहान, मध्यम आणि मोठा बांधा असे तीन रकाने होते, पण आपला बांधा कोणता हे ओळखायचं कसं, ते लिहिलेलं नव्हतं. माहिती फक्त विमा उतरवणाऱ्यांची, म्हणजे बहुतेक खाऊनपिऊन सुखी गोऱ्या अमेरिकनांची. तरी ते तक्ते दवाखान्यांच्या भिंतींवर लागले आणि धंद्याचा हिशेब आरोग्याचा नियम होऊन बसला.

आपल्याकडे सर्वसामान्यांना वजनाचा आकडा भेटला तो रेल्वे स्टेशनवर. लाल-हिरवे दिवे लुकलुकणारं ते उंच यंत्र, आत गरगर फिरणारं चाक, नाणं टाकलं की खट्‌ करून खाली पडणारं पुठ्ठ्याचं तिकीट. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. गाडी येईपर्यंत घरातले सगळे ओळीनं उभे राहत आणि वजनापेक्षा भविष्य जास्त मोठ्यानं वाचलं जाई.

१९७२ मध्ये अँसेल कीज या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञानं ५ देशांतल्या सुमारे ७,४०० जणांची मापं घेऊन वेगवेगळी सूत्रं ताडून पाहिली. त्यांत केटलेचं सूत्र सोपं आणि बाकीच्यांइतकंच बरं ठरलं. कीजनं त्याला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव दिलं. तोच आपला बीएमआय : किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. त्या ७,४०० जणांत एकही बाई नव्हती, हे तुमच्या मुलीला जरूर सांगा.

राहिली रेषा. अमेरिकेत १९९८ पर्यंत पुरुषांसाठी २७.८ आणि बायकांसाठी २७.३ च्या पुढे ‘अतिवजन’ धरत. त्या वर्षी सरकारी आरोग्य संस्थेनं ती रेषा सरसकट २५ वर आणली आणि अडीच कोटींहून जास्त अमेरिकन एका दिवसात ‘अतिवजनी’ झाले. कुणाचंही वजन एक ग्रॅमनं वाढलेलं नव्हतं. तुमच्या मुलीचा बीएमआय येतो २५.४. जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वसाधारण तक्त्यात तो ‘अतिवजन’. लठ्ठपणा तिथं ३० पासून सुरू होतो. भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये आखलेल्या रेषेप्रमाणे २३ पासून अतिवजन आणि २५ पासून लठ्ठपणा. तुमच्या अ‍ॅपनं दुसरा तक्ता वापरला, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणजे आकडा सोडून द्यायचा का? नाही. लाखो लोकांचा अभ्यास करायला तो अजूनही उपयोगी आहे आणि वाढत्या वजनाबरोबर मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी यांचा धोका वाढतो, हे खरंच आहे. पण अमेरिकन मेडिकल असोसिएशननं २०२३ मध्ये एकट्या बीएमआयवर विसंबू नका असं डॉक्टरांना सांगितलं. जानेवारी २०२५ मध्ये ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकात जगभरातल्या पन्नासहून जास्त तज्ज्ञांच्या आयोगानंही तेच म्हटलं : चरबी खरोखर किती आहे ते कमरेच्या मापासारख्या दुसऱ्या मापानं ताडून बघा आणि तिच्यामुळे अवयवांच्या कामात काही बिघाड झालाय का ते तपासा, मगच आजार म्हणा. मुलीच्या कमरेचा घेर, साखर, रक्तदाब आणि पाळीची नियमितता डॉक्टरांना एकदा दाखवा. सगळं ठीक असेल, तर तो निरोप आरोग्याचा नव्हता असं समजायला हरकत नाही.

प्रश्न : जगाला २५ आणि आपल्याला २३, हा भेदभाव कशासाठी? आपण काय एवढे वेगळे आहोत? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आहोत, आणि ते शोधण्यात पुण्याचा मोठा हात आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक मधुमेहाच्या रुग्णांना तपासत होते. परदेशी पाठ्यपुस्तकांतला मधुमेही वयस्कर आणि जाड. यांच्यासमोर बसलेले रुग्ण त्या मानानं तरुण आणि बरेचसे सडपातळ. पुस्तक आणि रुग्ण जुळेनात. म्हणून त्यांनी शोध थेट गर्भापर्यंत मागं नेला. १९९३ मध्ये पुण्याजवळच्या ६ गावांत गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू झाला.

तिथल्या बाळांचं जन्माचं सरासरी वजन होतं सुमारे २.७ किलो. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं स्नायूंत, पोटाच्या घेरात, सगळ्यांत लहान होती. फक्त पाठीवरच्या त्वचेची घडी चिमट्यानं मोजली तेव्हा तिथं चरबी जवळपास साहेबाच्या बाळाइतकीच निघाली. वरून किरकोळ, आतून चरबीदार. याज्ञिकांनी अशा शरीराला ‘थिन-फॅट’ म्हटलं आणि ते नाव जगभर रुळलं.

२००४ मध्ये त्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक छोटं टिपण छापलं. त्यात दोनच माणसं : एक स्वतः याज्ञिक आणि दुसरे लंडनचे डॉ. जॉन यूडकिन. दोघांचाही बीएमआय २२.३, म्हणजे कोणत्याही तक्त्यात नापास न होणारा. क्ष-किरणांच्या यंत्रानं चरबी मोजली तर यूडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. आकडा तोच, चरबी दुपटीहून जास्त.

त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ या सावधगिरीच्या पायऱ्या सुचवल्या, कारण आपल्याला मधुमेह आणि हृदयविकार कमी वजनावरही गाठतात. २००९ च्या भारतीय रेषेमागं हेच आहे.

यातून निघणारा अर्थ मात्र टोमणे मारणाऱ्यांच्या सोयीचा नाही. भारतात चरबी नुसती बघून ओळखता येत नाही. ‘मला काय धाड भरलीय, मी तर बारीक आहे’ असं म्हणत चाळिशीपर्यंत एकदाही साखर न तपासणारा माणूस आपल्या प्रत्येक नात्यागोत्यात सापडतो. जाड माणसाला सगळे सल्ला देतात आणि याला कुणी काही विचारत नाही. नजरेनं तब्येत ठरवण्याची किंमत दोघंही मोजतात.

प्रश्न : मी तालमीत जातो. उंची १७३ सेंटिमीटर, वजन ९५ किलो. कॉलेजात मला ‘ढब्बू’ म्हणतात आणि माझ्या चुलतभावाला ‘काडीपैलवान’. बारीक माणसाला हिणवणं हेही यातच येतं का? (एक विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : येतं. तुझा बीएमआय ३१ च्या पुढे जातो, म्हणजे जगातल्या कुठल्याही तक्त्यात तू ‘लठ्ठ’. ते सूत्र स्नायू आणि चरबी वेगळी करत नाही. जोर-बैठकांनी कमावलेली मांडी आणि बसून वाढलेलं पोट त्याला सारखंच. एक मात्र तालमीतल्या वस्तादांनाच विचार : व्यायाम सुटला आणि दूध-तूप-बदामाचा खुराक सुटला नाही, की काय होतं? कुस्ती सोडल्यावर खुराकाचा हिशेब नव्यानं मांडावा लागतो.

चुलतभावाचं दुखणं जास्त दुर्लक्षित. जाड माणसाला बोलताना लोक निदान चोरटे तरी होतात. ‘पाप्याचं पितर’, ‘फुंकर मारली तर उडेल’ हे चारचौघांत हसत म्हटलं जातं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातल्या २४ टक्के बायकांचा बीएमआय २५ किंवा जास्त होता आणि १८.७ टक्के बायकांचा १८.५ पेक्षा कमी. पुरुषांमध्ये हेच आकडे २२.९ आणि १६.२ टक्के. या देशात कुपोषण आणि अतिपोषण एकाच गल्लीत राहतात. वजन अचानक उतरत असेल, भूक लागत नसेल, तर भावाला डॉक्टरांकडे ने. क्षय, थायरॉइड, मधुमेह तपासावे लागतील. तसं काही नसेल, तर त्याला त्याच्या अंगासह सुखानं राहू दे. टोमण्यांना कंटाळून कुणाच्या तरी सांगण्यावरून पावडरी आणि स्टेरॉइडची इंजेक्शनं घेणारी पोरं हा आता गावोगावचा विषय झालाय. त्या वाटेला त्याला जाऊ देऊ नकोस.

प्रश्न : दादाचं पोट सुटलं तर ‘सुखवस्तू झाला’ म्हणतात. माझं दोन किलो वाढलं की आजीपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांना दिसतं. बायकांनाच का? (एक विद्यार्थिनी, नागपूर)

उत्तर : याला सरकारी कागदाचा पुरावा आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं मे २०१४ मध्ये विमानातल्या कर्मचाऱ्यांच्या वैद्यकीय तपासणीचे नियम काढले. त्यांत ‘सामान्य’ बीएमआय पुरुषांसाठी १८ ते २५ आणि बायकांसाठी १८ ते २२ होता. आणीबाणीच्या वेळी दार उघडणं, प्रवाशांना बाहेर काढणं हे काम दोघांचं सारखंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात बाई आणि पुरुष यांना वेगवेगळी रेषा नाही. मग बायकांसाठी तीन अंक कमी कुठून झाले? उत्तर विमानात सापडणार नाही, लग्नाच्या बायोडेटात सापडेल.

तो कागद काढून बघ. मुलीच्या बायोडेटात वर्ण, उंची, बांधा अशा ओळी ओळखीच्या असतात आणि बांध्यापुढे ‘सडपातळ’, फार तर ‘मध्यम’. मुलाच्या कागदावर ती जागा पगार आणि स्वतःचा फ्लॅट घेतात. मुलाचं काय तोललं जातं आणि मुलीचं काय, हे त्या दोन कागदांवर लिहिलेलं असतं.

सिनेमानं यात भर घातली. उमादेवी खत्री या १९४७ च्या ‘दर्द’ चित्रपटातल्या गाण्यानं देशभर गाजलेल्या गायिका. १९५० च्या ‘बाबुल’पासून त्या पडद्यावर आल्या, ‘टुणटुण’ या नावानं ओळखल्या जाऊ लागल्या आणि पुढची कितीतरी वर्षं त्यांच्या वाट्याला लोकांनी हसावं अशाच भूमिका आल्या. आवाज मागं पडला. नाव मात्र शाळेशाळेतल्या जाड मुलींना चिडवायला उरलं. मराठीत २०१६ मध्ये सचिन कुंडलकरांचा ‘वजनदार’ आला. दोन मैत्रिणींच्या वजन कमी करण्याच्या धडपडीवर अख्खा चित्रपट, आणि सई ताम्हणकर आणि प्रिया बापट यांनी त्यासाठी वजन वाढवलं. जाड नायिका गोष्टीच्या मध्यभागी यायला इतकी वर्षं लागली.

ही आवड निसर्गानं घातलेली आहे, असं कुणी सांगितलं तर फिजीचं उदाहरण दे. त्या बेटांवर धष्टपुष्ट अंगाला मान होता. १९९५ मध्ये तिथल्या नॅड्रोगा प्रांतात पहिल्यांदा टीव्ही आला. हार्वर्डच्या अ‍ॅन बेकर यांनी तिथल्या शाळकरी मुलींना टीव्ही आला तेव्हा आणि तीन वर्षांनी पुन्हा प्रश्न विचारले. वजन घटवण्यासाठी मुद्दाम उलटी काढणारी मुलगी १९९५ मध्ये एकही नव्हती. १९९८ मध्ये अशा मुली ११ टक्क्यांवर गेल्या. पिढ्यानपिढ्यांची आवड तीन वर्षांत हलली. आज तुझ्या हातातल्या फोनवर फिल्टर लावलेले चेहरे आणि कमरा दिवसभर सरकत असतात, आणि फिजीच्या मुलींना तर परदेशी मालिकांचा एकच चॅनेल पुरला होता.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. तुम्ही लोक फार हळवे झालात. टोचून बोलल्याशिवाय माणूस सुधारत नाही. गोड बोलून कुणी बारीक झालंय का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : गुरुजी, तुमचा मुद्दा तपासण्याजोगा आहे, आणि तो तपासलाही गेलाय. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०१४ मध्ये पन्नाशीच्या पुढच्या २,९४४ लोकांची चार वर्षांची नोंद मांडली. वजनावरून आपल्याला वाईट वागवलं गेलं असं सांगणाऱ्यांचं वजन त्या काळात सरासरी साधारण एक किलोनं वाढलं. तसा अनुभव नसलेल्यांचं पाऊण किलोच्या आसपास उतरलं. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या सहा हजारांहून जास्त लोकांच्या नोंदींत असं दिसलं, की सुरुवातीला लठ्ठ नसलेले पण वजनावरून हिणवले गेलेले लोक पुढच्या चार वर्षांत लठ्ठ होण्याची शक्यता इतरांपेक्षा अडीच पट होती. तुमच्या भाषेत सांगायचं तर छडीनं निकाल खाली आला.

कारणं शोधायला प्रयोगशाळेत जायला नको. हिणवलेला माणूस चारचौघांत खात नाही, एकटा असताना खातो. जिममध्ये आरशासमोर उभं राहायची त्याला लाज वाटते. डॉक्टरकडे गेला आणि सर्दीपासून गुडघ्यापर्यंत प्रत्येक तक्रारीला ‘आधी वजन कमी करा’ हेच ऐकलं, की पुढच्या वेळी तो जातच नाही. मग खरा आजार उशिरा सापडतो.

आणि वजन फक्त मनावर असतं, हाही समज काढून टाका. डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्या ५४० जणांचा अभ्यास १९८६ मध्ये छापून आला. त्यांची अंगकाठी जन्मदात्या आईबापांशी जुळली. ज्यांच्या घरी ते जेवले-खाल्ले त्या दत्तक आईबापांशी जुळली नाही. अमेरिकेतल्या एका टीव्ही स्पर्धेत झपाट्यानं वजन उतरवलेल्या १४ स्पर्धकांना संशोधकांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. बहुतेकांचं गेलेलं वजन बरंचसं परत आलं होतं आणि त्यांचं शरीर विश्रांतीत दिवसाला अपेक्षेपेक्षा सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. शरीर गमावलेली चरबी परत मिळवायला भांडतं. याचा अर्थ प्रयत्न करू नयेत असा नाही. चालणं, पुरेशी झोप, तळण आणि साखर कमी, ताटात डाळ-उसळ जास्त, याचा फायदा काटा हलला नाही तरी साखरेला आणि रक्तदाबाला होतो. ज्यांना औषधांची गरज आहे, त्यांच्यासाठी २०२५ पासून मौंजारो, वेगोव्हीसारखी इंजेक्शनं भारतात मिळू लागली आहेत. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची. त्यांच्याबरोबर नवा टोमणाही आलाय : ‘हिनं काय, इंजेक्शननं उतरवलं.’ जाड राहिली तरी दोष तिचाच, बारीक झाली तरी तिचाच.

जगभरातल्या तज्ज्ञांनी मार्च २०२० मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये एकत्र निवेदन काढून हेच सांगितलं : लठ्ठपणावरून हिणवण्याला शास्त्राचा आधार नाही आणि त्यानं नुकसानच होतं.

तुमच्याकडे एक मागणं आहे. शाळांमध्ये उंची-वजनाची नोंद होते, तेव्हा काट्यावर उभ्या असलेल्या पोराचा आकडा मास्तर मोठ्यानं पुकारतात, दुसरा लिहून घेतो आणि अख्खा वर्ग ऐकतो. रस्सीखेचीत त्याच पोराला दोराच्या शेवटी बांधतात आणि धावण्याच्या शर्यतीतून परस्पर वगळतात. तुमच्या शब्दाला शाळेत अजून मान असेल. वजनं पडद्याआड घ्या, आकडा पालकांना पाकिटातून द्या आणि त्या पोराला खेळू द्या, एवढं सांगून बघा.

प्रश्न : वजनावरून हिणवणं हा गुन्हा आहे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : वजनावरून भेदभाव करू नये असं स्पष्ट सांगणारा वेगळा कायदा भारतात नाही. सासरच्या छळापुरती वाट मात्र थोडी मोकळी झाली आहे. केरळ उच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये सुनेच्या शरीरावरून टोमणे मारणाऱ्या सासरच्या नातेवाइकाविरुद्धचा खटला रद्द करायला नकार दिला. असे टोमणे प्रथमदर्शनी जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४९८-अ मधल्या क्रूरतेत बसू शकतात, असं त्या न्यायालयानं म्हटलं. अमेरिकेत मिशिगन राज्यानं १९७६ मध्येच नोकरीत वजनावरून भेदभाव करायला बंदी घातली. न्यूयॉर्क शहरानं २०२३ मध्ये नोकरी, घरभाडं आणि सार्वजनिक जागा यांना ती लावली. आपल्याकडे नोकरीच्या मुलाखतीत ‘प्रेझेंटेबल’ या गोड नावाखाली वजन तोललं जातं, त्याला अजून कुणी हात लावलेला नाही.

प्रश्न : पण मग बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या माणसाशी बोलायचं तरी काय? आपल्याकडे बोलणं सुरूच तिथून होतं! (एक वाचक, पणजी)

उत्तर : कसा आहेस, काय चाललंय, आई बरी आहे का, घराचं काम कुठवर आलं. विषयांना तोटा नाही. ‘बारीक झालीस, छान दिसतेस’ हेसुद्धा सावधपणे बोलावं. ती आजारातून उठलेली असू शकते, घरात कुणी गेलेलं असू शकतं, ती उपाशी राहत असू शकते. वजनाचा विषय तिनं काढला तर ऐका. मदत मागितली तर तिच्याबरोबर सकाळी चालायला जा. घरातल्या माणसाची खरोखर काळजी वाटत असेल, तर एकांतात ‘एकदा तपासून घेऊ या’ म्हणा आणि दवाखान्यात सोबत जा. मुलांसमोर कुणाच्याही अंगावरून बोलू नका, स्वतःच्याही नाही. ‘मी किती जाड दिसते’ हे वाक्य लेकी आईकडूनच उचलतात.

आणि मोजायची हौस फारच असेल, तर घरातली शिंप्याची टेप घ्या. उभं राहून, श्वास सोडून, बरगड्यांच्या खाली आणि कमरेच्या हाडाच्या वर ती गुंडाळा. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि बायकांसाठी ८० सेंटिमीटर ही सावध होण्याची रेषा आहे. आकडा त्याच्या पुढे गेला असेल, तर साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. लोकांची मापं काढण्यापेक्षा प्रत्येकानं स्वतःच्या कमरेचं माप घ्यावं.